दार, बोळ, बैठक

दाराचा कॅमेरा बंद पडला तेव्हा विजदान अम्मानच्या आपल्या फ्लॅटमध्ये नववीच्या मुलींचे भौतिकशास्त्राचे पेपर तपासत होती. फोनवर चार चौकोन होते, त्यांतले तीन करकजवळच्या गावातल्या वडिलांच्या घराचे. आधी दाराचा चौकोन काळा झाला, मग बोळाचा, मग बैठकीचा. असरची, दुपार कलतानाच्या नमाजाची, बांग नुकतीच होऊन गेली होती. काही वेळाने तिन्ही उलट क्रमाने परत आले. बैठकीच्या चौकोनात तिचे वडील, अबू मिशाल, गादीवर एकटेच बसलेले दिसले. समोर कॉफीची किटली होती.

रोज हेच चाललं होतं. आणि रोज त्यापाठोपाठ परदेशातल्या दम्मामहून धाकट्या भावाचा निरोप यायचा.

"विजदान, हे कॅमेरे आहेत की रोजेदार? असर झाली की मान टाकतात!" मिशाल म्हणायचा. "बाबा पुन्हा न्हाणीत पडले तर आपल्याला कळणार कसं? या शुक्रवारपर्यंत नीट झालं नाही तर मी त्यांना इकडे घेऊन येतो. आता वाद नको."

वाद घालायला जागाच नव्हती. हिवाळ्यात अबू मिशाल न्हाणीत घसरले आणि अर्धा दिवस तसेच पडून होते. कॅमेरे बसवायचे, या एका अटीवर मिशालने त्यांना गावी राहू दिलं होतं. पण दम्मामच्या उंच इमारतीत, दारावर कुणी येणारं नाही अशा जागी, बाबा वर्षभरसुद्धा टिकणार नाहीत हे विजदानला पक्कं ठाऊक होतं.

कॅमेरे खराब म्हणावेत तर तसंही नव्हतं. चारांचा संच तिनेच घेतला होता. चौथा तिच्या अम्मानच्या दारावर होता आणि तो एकदाही बंद पडला नव्हता.

गुरुवारी शाळा सुटल्यावर ती तशीच गाडी काढून गावी गेली.

"कुणाला बघायला आलीस? मला की तुझ्या त्या डोळ्यांना?" अबू मिशाल दारातच म्हणाले. "आमचे पूर्वज तुर्कांना घाबरले नाहीत, आणि मला सदरा बदलायचा तर न्हाणीत लपावं लागतं."

"न्हाणीत फक्त पडू नका म्हणजे झालं," विजदान म्हणाली आणि बाह्या सरसावून कामाला लागली.

राउटर फ्रिजच्या मागे कोंबलेला होता. तो तिने बोळातल्या कोनाड्यात आणून ठेवला. वायफायच्या दोन्ही लहरींना एकच नाव दिलेलं होतं, ती नावं वेगळी केली आणि कॅमेरे संथ लहरीवर जोडले. ती भिंतींतून बरी जाते. चॅनल बदलला, चार्जर बदलले, कॅमेऱ्यांचे नेटवर्कवरचे पत्ते कायमचे ठरवून दिले. मग फोन हातात धरून ती घरभर फिरली. हातभर जाडीच्या दगडी भिंतींवर तिचा पहिला संशय होता, पण प्रत्येक खोलीत सिग्नलच्या रेघा पूर्ण भरल्या होत्या. भिंती निर्दोष निघाल्या. तिला हायसं वाटलं.

असरची बांग झाली. अबू मिशालनी वेलची कुटली, कॉफी उकळली आणि किटली घेऊन ते बैठकीत गेले. विजदान बोळात स्टूल टाकून राउटरसमोर बसली.

दाराचा चौकोन काळा झाला.

राउटरचे दिवे हिरवेगार होते. तरी तिच्या डोक्यावरचा बोळातला कॅमेरा गेला. हातातल्या फोनच्या रेघा एकेक करून उतरल्या. बोळात दमट गारवा आला आणि लोकरीच्या जुन्या अंगरख्यांना येतो तसा वास आला. तेवढ्यात तिच्या लक्षात आलं, की आपण पाय जवळ ओढून घेतले आहेत. माणसं पुढून जाताना वाट द्यावी, तसे.

ती घाबरली, आणि घाबरली म्हणून भौतिकशास्त्र आठवू लागली. माणसाचं शरीर म्हणजे बरंचसं पाणी, आणि पाणी या लहरी गिळतं. पण एका माणसाने काय होणार? रेघा इतक्या पडायच्या तर घर लग्नघरासारखं माणसांनी गच्च भरायला हवं.

बैठकीचा चौकोन काळा झाला. ती उठून आत गेली.

गाद्या रिकाम्या होत्या. मानाच्या जागेसमोर एक चिमुकला कप काठोकाठ भरून ठेवला होता आणि अबू मिशाल किटली घेऊन अदबीने उभे होते.

"बाबा, हे कुणासाठी?"

"पाहुण्यांसाठी."

"कोण पाहुणे?"

"पाहुण्याला तीन दिवस काही विचारायचं नसतं, हे मी तुला शिकवायचं?"

"तीन दिवस कधीच होऊन गेले असतील."

"म्हणून तर," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कप खाली ठेवतात आणि पीत नाहीत. काहीतरी मागणं आहे."

त्या मुलखात मागणं घेऊन आलेला पाहुणा कॉफीला हात लावत नाही. यजमान 'तुमची कॉफी घ्या' म्हणाला, की मागणं मान्य झालं, आणि तो शब्द मग फिरवता येत नाही. विजदान विशीत असताना तिला मागणी घालायला घरोघरची वडीलधारी मंडळी अशीच येऊन बसत. अबू मिशाल दर वेळी आत येऊन तिला विचारत, ती नकाराची मान हलवी, आणि बाहेर कप थंड होऊन जाई. आत्या-मावश्यांनी तोंडं वाजवली, पण तिला न विचारता त्यांनी कधी कुणाला शब्द दिला नाही. जगात तिचा सगळ्यात मोठा भरवसा कुणावर असेल तर तो बापावर होता.

आता तोच बाप रिकाम्या गाद्यांशी बोलत होता. कॅमेरा नेमका या वेळी चालू झाला आणि मिशालने हे पाहिलं तर? तिला रडू फुटेल असं वाटलं.

"मग देऊन टाका ना बाबा, काय हवंय ते!" ती लहान मुलाला समजवावं तसं म्हणाली. "कॉफी पितील आणि जातील."

अबू मिशाल वळले.

"तुझी हरकत नाही?"

"नाही."

"नीट विचार करून सांगतेस?"

"हो बाबा, हो! बोला एकदाचं."

त्यांनी डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"तुमची कॉफी घ्या," ते मोठ्याने म्हणाले. "जे मागायला आलात ते दिलं."

मग त्यांनी तळवे वर केले, ओठ हलवले आणि तळवे तोंडावरून फिरवले. फळीवरच्या कॅमेऱ्याचा निळा दिवा लागला.

विजदानने कप विसळायला उचलला. तळाशी फक्त गाळ होता. बाबाच प्यायले असतील, तिने स्वतःला सांगितलं.

शुक्रवारी असर झाली तरी एकही कॅमेरा पडला नाही. "वा, मास्तरीणबाई!" मिशालचा निरोप आला. "राहू देत बाबांना तिथेच." ती गाणं गुणगुणत अम्मानला परतली.

शनिवारी दुपारी ती दिवाणखान्यात पेपर घेऊन बसली. सहज म्हणून तिने गुरुवारची ती चित्रफीत उघडली. कॅमेरा पुन्हा जोडला गेला त्या क्षणापासूनची. अबू मिशाल तळवे तोंडावरून खाली घेत होते. त्यांचे ओठ मिटलेले होते. पण आवाज चालूच होता. पुष्कळ पुरुष एका सुरात कुराणातली फातिहा म्हणत होते, सोयरीक ठरल्यावर म्हणतात तशी.

तिने फोन लावला.

"बाबा, त्यांनी काय मागितलं होतं?"

पलीकडे किटली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"असं काय विचारतेस पोरी?" अबू मिशाल म्हणाले. "तुला विचारूनच दिलं ना मी?"

बाहेर असरची बांग झाली. फोन कट झाला. पडद्यावर चौकोन आले. गावचे तिन्ही चालू होते.

चौथा, तिच्या स्वतःच्या दाराचा, काळा झाला.

तिच्या बोळात लॅपटॉपवर रेडिओ चालू होता. तो मधेच थांबला.

हातातल्या फोनच्या रेघा एकेक करून उतरू लागल्या. लोकरीचा वास आला. विजदानने नकळत पाय जवळ घेतले.

पण त्यांना पुढे जायला तिच्या मागे आता एकही खोली नव्हती.