दरीकडे वळलेली डिश

डिश बसवणाऱ्याला सगळी घरं सारखीच. खांब कुठे उभा राहील आणि समोरच्या डोंगरावरचा टॉवर दिसतो का, एवढं बघायचं. घरात कोण राहतं, का राहतं, याच्याशी आपल्याला काय करायचंय, असं तो बायकोला नेहमी सांगायचा. बायको म्हणायची, मग रोज घरी येऊन लोकांच्याच गोष्टी कशाला सांगता?

हे घर मात्र फारच आडबाजूला होतं. रस्ता संपला तिथे गाडी ठेवायची आणि सामान खांद्यावर घेऊन पाऊण तास चढायचं. वर दोन खोल्या, पत्र्यावर सौर पट्ट्या, कोपऱ्यात बॅटऱ्या. विजेची तार नाही, मोबाइलला रेंज नाही, शेजार तर नाहीच. पंच्याहत्तरीचे काका एकटेच राहत होते.

"लेकीची अट आहे," चहाचा कप पुढे करत काका म्हणाले. "रोज तिला माझं तोंड दिसलं पाहिजे. नाहीतर महिनाअखेरीला शहरात नेणार मला. तिसऱ्या मजल्यावर. तिथे मी काय करू? लोकांचे वाळत घातलेले कपडे मोजू?"

"आज जोडूनच देतो काका. काळजी सोडा."

त्याने खांब उभा केला, डिश वर चढवली, तार खिडकीतून आत घेऊन वाय-फायच्या डब्याला जोडली. लॅपटॉप टेबलावर उघडून ठेवला. एरवी या कामाला दोन माणसं लागतात. एकाने वर डिश फिरवायची, दुसऱ्याने खाली सिग्नलचा आकडा वाचून सांगायचा. जोडीदार आजारी होता, म्हणून आकडे वाचायला काका बसले. त्यांना त्याची भलतीच मजा वाटत होती.

"बावीस," काका खिडकीतून ओरडले. "एकतीस. छत्तीस. परत एकतीस."

छत्तीसच्या वर आकडा जाईना. टॉवरच्या आड झाडांची रांग येत होती आणि निदान पन्नास तरी हवे होते. तासभर खटपट करून त्याचे हात भरून आले. मग पाना निसटला, डिश गर्रकन फिरली आणि मागच्या दरीकडे तोंड करून थांबली.

"ब्याण्णव," काका म्हणाले.

"नीट बघा काका."

"चष्मा लावलाय मी. ब्याण्णव."

त्याने दरीकडे पाहिलं. खाली नुसतं धुकं साचलं होतं. त्या बाजूला टॉवर नव्हता, गाव नव्हतं, एक खांबसुद्धा नव्हता. वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास वर येत होता. कुठल्यातरी कातळावरून लहर परतून येत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. दिवसभराची मेहनत वाया जाण्यापेक्षा हे बरं, असं म्हणत त्याने बोल्ट आवळायला घेतले.

तेवढ्यात खाली लेकीने पाठवलेला टॅब वाजला. काकांनी तो उचलला. बाईचा प्रसन्न आवाज आला, "बाबा, दिसतेय का मी?" त्याला हायसं वाटलं. मग बराच वेळ दोघांचं बोलणं चाललं होतं. जेवलात का, पाठ दुखते का, झोप लागते का. लेक असावी तर अशी, असं त्याच्या मनात आलं.

खाली उतरून तो आत आला. टॅबच्या पडद्यावर लेक हसत होती. चित्र इतकं स्वच्छ की केस न् केस वेगळा दिसत होता. तिच्यामागे मात्र खोली नव्हती, नुसता करडा रंग होता. त्याने सहज लॅपटॉपकडे पाहिलं.

त्यावरची ग्राहक क्रमांकाची चौकट अजून रिकामीच होती. क्रमांक टाकल्याशिवाय जोडणी सुरूच होत नाही, आणि तो क्रमांक त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता.

"दादा," टॅबमधली बाई त्याच्याकडे वळून म्हणाली, "आता हे काढू नका हं."

त्याने तार हिसकून काढली. पडदा काळा झाला.

काका काळ्या पडद्याकडे बघत राहिले. "राहू द्यायचं होतं," ते हळूच म्हणाले.

"काका... ती तुमची मुलगी नव्हती."

"पहिल्या शब्दालाच कळलं मला. माझी लेक मला अण्णा म्हणते."

"मग बोलत का बसलात?"

"रविवारी मी खाली रस्त्यापर्यंत उतरतो, तेव्हा खरी फोन करते. घड्याळाकडे बघत बोलते. हिला घाई नव्हती." त्यांचे डोळे भरून आले. त्यांचा राग यावा की कीव यावी, त्याला कळेना. "आता ती कुठे जाईल?"

त्याने विचारलं, "काय काय विचारत होती ती?"

"लाडात आली होती. म्हणाली, सांगा बरं बाबा, मी हल्ली राहते कुठे? मी सांगितलं..." काका थांबले. त्यांचा हात ओठांपाशी गेला. "सगळं सांगितलं मी. गल्ली, मजला... दाराचा रंगसुद्धा."

सामान तिथेच टाकून तो पळत सुटला. घसरत, गुडघे फोडून घेत गाडीपाशी पोचला तेव्हा दुपार कलली होती. मोबाइलला रेंज आली. लेकीनेच काम दिलं होतं, त्यामुळे नंबर होता. शहर इथून आठ तासांवर, असं तो स्वतःला बजावत होता. आठ तास म्हणजे पुष्कळ झाले.

तिने लगेच उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"ताई, नीट ऐका. दार कोणी वाजवलं तर उघडू नका."

"अहो दादा, तुम्हीसुद्धा सामील होतात होय यात?" ती हसत होती, आणि रडवेलीही झाली होती. "न कळवता आले. मला वाटलं होतं, माझ्यावर रागावून ते कधी यायचेच नाहीत."

"कोण आलं?"

"अण्णा. दाराच्या भिंगातून दिसतायत ना. थांबा, कडी काढते."

"ताई, अण्णा इथे डोंगरावरच्या घरात आहेत. मी आत्ता त्यांच्याकडूनच..."

कडी सरकली. दार उघडल्याचा आवाज झाला. तो "ताई, ताई" असं ओरडत राहिला, पण तिने फोन कानापासून लांब धरला असावा. मग तिचा आवाज आला, दबका, गोंधळलेला.

"अण्णा... तुमच्यामागे जिन्यात हे एवढे सगळे कोण उभे आहेत?"