ताईच्या घरातला माझा नवरा

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे माझ्याच बाबतीत घडलंय. गेल्या रमजाननंतरच्या शुक्रवारी, भर दुपारी. आमच्या कोमोरो बेटावर, समुद्राकाठच्या गावात.

आमच्याकडे मुलगी सासरी जात नाही. नवराच बायकोच्या घरी राहायला येतो. म्हणून भाऊ परदेशात राबतात आणि बहिणीसाठी घर बांधतात.

सोइलीदादाने फ्रान्समधल्या मार्सेयहून पैसे पाठवले ते थोरल्या सित्तीताईसाठी. आमच्या झावळ्यांच्या झोपडीशेजारी सिमेंटचं घर उठलं. काचेच्या खिडक्या काय, चकचकीत फरशी काय! डोक्यावरून वाळू वाहिली मी. घर मात्र तिचं. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

घर बांधून पुरं झालं आणि ताई तापाने गेली. एक रात्रही त्या घरात झोपली नाही.

घर माझ्याकडे आलं. नसूफशी माझं लग्न झालं आणि तो तिथे राहायला आला.

त्या शुक्रवारी मी आईच्या झोपडीत चुलीवर नीरफणस भाजला. नारळाच्या दुधात मासा शिजवला. थाळी घेऊन नव्या घरात गेले, तर नसूफ हात पुसत होता.

"परत जेवण? आत्ताच तर वाढलंस."

"मी?"

"मग कोण? चेहऱ्याला चंदन लावून समोर बसली होतीस. गोड दिसत होतीस हं."

माझ्या चेहऱ्यावर चुलीची राख होती...

चंदन ताई लावायची.

भीती नंतर वाटली. आधी अंगाचा तिळपापड झाला.

मग रोज तेच. नसूफ अंगाने भरत चालला, पण माझ्या हातचा घास काही त्याच्या पोटात गेला नाही.

आईला सांगितलं. ती नारळ खवत होती. मान वर न करता म्हणाली, "नवरा घरात येतो, पोरी. ते घर कुणासाठी बांधलं होतं?"

"मेलेल्या माणसाला कशाला हवाय नवरा?"

खवणीचा आवाज थांबला.

मी तडक नव्या घरात गेले. नसूफ आतल्या खोलीत झोपला होता. मी भिंतींवर ओरडले, "ताई, मेलीयेस ना? मग नीट मर की! माझ्या ताटातलं ओढू नकोस!"



पाय आपटत बाहेर आले... आणि मागून आतली कडी लागली.

मी दार बडवलं. आतून नसूफचा आवाज आला. पण तो माझ्याशी बोलत नव्हता.

"कोण गं बाहेर?"

उत्तर मला ऐकू आलंच नाही.

"हो का? तुझी बहीण? मग तिलाही वाढ ना काहीतरी. बिचारी."

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. उंबऱ्यावर झाकलेली थाळी होती... वाफाळती.

तेव्हापासून मी आईच्या झोपडीतच राहते. ते दार बडवायची हिंमत होत नाही. थाळी मात्र रोज येते.

आणि सांगू? मेलीच्या हाताला माझ्यापेक्षा चव आहे.