रस्त्याच्या मधोमध रेघ

तिने ब्रेक करकचून दाबले, तरी सायकल थांबली ती त्याच्या दुर्बिणीच्या तिपाईला टेकूनच.

"भर रस्त्यात कसला तमाशा मांडलाय? माणसं दिसत नाहीत का?" ती कडाडली.

"दिसतात ना," दुर्बिणीतून डोळा न काढता तो म्हणाला. "आत्ता तर फक्त एक नाक दिसतंय. बरंच रागावलेलं."

तिला वस्तीत सगळे ठिणगी म्हणायचे, ते काही उगाच नाही. सायकल दुरुस्तीचं दुकान ती एकटी चालवायची, आणि गिऱ्हाइकाशी भांडल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. पण त्या क्षणी... नेमकं हसू आलं. त्याने मान वर केली, कपाळावरचा घाम पुसला आणि तोही हसला.

"मी मोजणीवाला. मतदारसंघाच्या हद्दी नव्याने ठरतायत ना, त्यासाठी."

झालं! तिचं हसू जागच्या जागी विरलं.

या मतदारसंघातून एकदा तिची आई निवडून आली होती. घरोघर पाण्याचा नळ आणणारी ताई, म्हणून रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भरभरून मतं दिली. तिच्याविरुद्ध उभा राहिलेला मंत्र्यांचा पुतण्या तोंडावर आपटला. आणि पुढच्या निवडणुकीआधी हद्दीची रेघ आली ती बरोब्बर याच रस्त्याच्या मधून! डावी बाजू एका मतदारसंघात, उजवी दुसऱ्यात. मतदानाच्या दिवशी समोरच्या बायका दारात उभ्या राहून हळहळल्या, "ताई, तुमचं नाव आमच्याकडे नाहीच हो!" आई थोडक्यात पडली. त्यानंतर वस्तीचा आमदार कोण, हेही लोक विसरले. तो कधी फिरकलाच नाही.

"आणि आता माझी आई पुन्हा उभी राहतेय म्हटल्यावर तुम्ही फीत घेऊन हजर!" ती म्हणाली.

त्याने वस्तीच्या मागे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाला, "मागे कालवा आहे. हद्द तिथूनच जायला हवी. आंधळ्यालाही कळेल... मी तसंच लिहिणार आहे."

"लिहाल?"

"लिहीन."

त्यानंतर मोजणी जरा जास्तच लांबली. कधी त्याच्या सायकलची हवा जायची, कधी साखळी निसटायची. "तुमची सायकल फार नाजूक प्रकृतीची दिसते," ती म्हणायची. "हो ना... वैद्य चांगला मिळाला की दुखणं वाढतं," तो म्हणायचा. एकदा पावसाची सर आली, तेव्हा दुकानाच्या पत्र्याखाली दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली. सर ओसरली, तरी कुणी हललं नाही.

आणि मग नगरभवनाच्या फलकावर नवा नकाशा लागला. रेघ होती तिथेच. रस्त्याच्या मधोमध!

ती तडक त्याच्या कार्यालयात गेली. टेबलांवरची सगळी डोकी वर झाली. "माझ्या दुकानात बसून माझ्या हातचं पाणी प्यायलात, आणि माझ्याच आईचा गळा कापलात? लाज कशी वाटत नाही?" तो पांढराफटक पडला. "मी... मला हे..." पुढचं ऐकायला ती थांबलीच नाही. दुकानात येऊन तिने शटर ओढलं आणि पोटभर रडली. रागानेच.

हरकतींच्या सुनावणीला अख्खी वस्ती लोटली. मोठे साहेब चष्मा पुसत म्हणाले, "उगाच आरडाओरडा नको. मोजणी खात्याने सुचवलेली हद्द आहे ही."

"खोटं आहे."

आवाज मागून आला. कर्मचाऱ्यांच्या रांगेतून तो उभा राहिला होता. साहेबांकडे बघत तो म्हणाला, "मोजणी मी केली, साहेब. हद्द मी कालव्यावरून दाखवली होती. ही रेघ माझी नाही. ती कुणाच्या सांगण्यावरून आली, ते तुम्हीच या लोकांना सांगा!"

सभागृहात एकच गदारोळ उठला. साहेबांनी सुनावणी आटोपती घेतली. त्याला घरी बसवलं, आणि रेघ? ती तसूभर हलली नाही.

दोन दिवसांनी तो दुकानासमोर आला. सायकल नव्हती. ती चाकाच्या तारा घट्ट करत होती; वर न बघता म्हणाली, "त्या दिवशी मी फार बोलले."

"त्याचं सोडा. मी कोर्टात या रेघेविरुद्ध साक्ष देणार आहे. ताईंच्या वकिलांशी बोलून आलोय."

तिचे हात थांबले. "कोर्ट निकाल देईपर्यंत निवडणूक होऊन जाईल. आमच्या बाजूला त्यांनी बंगलेवाल्यांचा अख्खा भाग जोडलाय, ते काही आईला मत देणार नाहीत; म्हणून ती समोरच्या मतदारसंघातून उभी राहतेय. आणि मी इकडे! पोटची मुलगी, आणि मला आईला मत देता येत नाही. कुठला न्याय हा?"

"एक... मार्ग आहे," तो चाचरला. "मी समोर खोली घेतलीय. आता, माझं लग्न झालं, तर बायकोचा पत्ताही तोच होईल ना..."

ती बघतच राहिली. "ही मागणी आहे, की मतदार नोंदणी?"

"मागणीच आहे. नोंदणीचं निमित्त मिळालं म्हणून बोलायचं धाडस झालं."

"मग नीट ऐका." पाना हातात घेऊनच ती उठली. डोळ्यांत पाणी होतं, आवाजात अंगार. "मतासाठी मी लग्न करणार नाही. माझं मत माझं आहे, ते मिळवायला मला कुणाची बायको व्हावं लागणं हाच अन्याय आहे! लग्न करीन ते... तुम्ही त्या दिवशी उभे राहिलात म्हणून. आणि त्याच्याही आधीपासून तुम्ही मला आवडता म्हणून. कळलं?"

"कळलं," तो कसाबसा म्हणाला.

"मग चला."

"कुठे? आईंना सांगायला?"

"ते संध्याकाळी. आधी वकिलांकडे. साक्ष एकट्याने का द्यायची? मलाही पुष्कळ बोलायचंय."

तिने शटर खाली ओढलं, ग्रीसने माखलेल्या हाताने त्याचा हात धरला, आणि दोघं भर रहदारीतून, रस्त्याच्या अगदी मधून, तरातरा निघाली.