काचेच्या मधोमध थांबलेले वायपर

त्याच्या पिकअपचा सायलेन्सर गळून पडला तो नेमका तिच्या गॅरेजसमोर. नाहीतर या दोघांची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. तो रोपवाटिका चालवायचा आणि वडिलांचे गुडघे गेल्यापासून ती गॅरेज. सायलेन्सर पडला त्याला वर्ष झालं. तेव्हापासून पिकअपला काही ना काही होतच राहिलं. जुनी गाडी, व्हायचंच. पण आरशाचा एक स्क्रू ढिला झाला म्हणून कोणी सात किलोमीटर येत नाही, एवढं तिलाही कळत होतं. ती त्याला ‘रोपवाले’ म्हणायची, तो तिला ‘मिस्त्री’. त्यापुढे काही घडत नव्हतं.

त्या दिवशी भर पावसात तो आला तोच खिडकीतून डोकं बाहेर काढून, ओलाचिंब.

“वायपर गेले, मिस्त्री. आणि पाच वाजता गिऱ्हाईक येतंय इथेच. गाडी विकतोय.”

तिने हातातला पाना खाली ठेवला. “विकताय?”

“नवी घेतली, मोठी. तीन वर्षं सगळी कामं कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये करायची, अशी अट आहे.”

“बरंय की. कटकट मिटली तुमची.”

“हो ना…”

तीन वर्षं! पण चेहऱ्यावर तिने काही येऊ दिलं नाही. फ्यूज ठीक होता, करंट येत होता, मोटरच जळली होती. त्याच मॉडेलची एक जुनी मोटर तिने माळ्यावर साफ करून, ग्रीस भरून ठेवली होती. कोणासाठी, ते बाबांनी कधी विचारलं नव्हतं.

तिने बॅटरीची वायर सोडवली, वायपरचे हात उपसले आणि काचेखालच्या कव्हरमध्ये डोकं घातलं. तो शेजारीच टेकून उभा राहिला.

“नव्या गाडीत वायपर आपोआप सुरू होतात म्हणे,” तो म्हणाला.

“मग माझी आठवण कशाला येतेय?”

“पाऊस आला की येईल.”

“आणि उन्हाळ्यात?”

“उन्हाळ्यात… रोपांना पाणी घालताना.”

“म्हणजे दिवसातून दोनदा.”

“तीनदा. वाफे पुष्कळ आहेत.”

तिच्या हातातून बोल्ट निसटला. तो शोधण्यात पाच मिनिटं गेली, आणि तिने मान काही वर केली नाही.

पावणेपाचला मोटर बसली, हात बसले. तिने स्विच दाबला. वायपर झकास फिरले. बंद केला, तर दोन्ही काचेच्या मधोमध उभे!

बाबा स्टुलावर चहा पीत होते. “मोटर आधी एकदा फिरवून तिच्या जागी थांबू दिली नाहीस? तसेच हात बसवलेस?”

तिचे कान तापले.

“मोठी चूक आहे का, काका?” त्याने विचारलं.

“शिकाऊ लोक पहिल्या आठवड्यात करतात. हिने आजवर कधी केली नव्हती.” बाबांनी कप ठेवला. “लक्ष ठिकाणावर नसलं की होतं असं.” आणि गुडघ्यांवर हात टेकत ते उठून आत गेले, काहीतरी शोधायला म्हणून.

तो वायपरकडे बघत राहिला, मग तिच्याकडे. “मिस्त्री… राहू द्या ना असेच. गिऱ्हाईक परत जाईल.”

तिलाही तेच हवं होतं. अगदी मनापासून. तिने पाना उचलला. “माझ्या गॅरेजमधून अशी गाडी बाहेर जात नाही.”

पाचला गिऱ्हाईक आलं. चालवून बघितली, आवडली, घेऊन गेलं. वळणावर गिऱ्हाइकाने वायपर बंद केले आणि ते गुमान खाली जाऊन झोपले. दोघं बघत उभे होते.

“आता येऊ कसा?” तो म्हणाला. “काय बिघडलंय म्हणून सांगू?”

तिने स्कूटर बाहेर काढली. “काही बिघडायला नको. तुम्ही मला आवडता, म्हणून या.”



“ते आरशाचे स्क्रू…” तो म्हणाला, “मीच ढिले करायचो.”

“माहीत आहे. पक्कडीच्या खुणा दिसायच्या.”

“मोटर तेवढी खरंच जळली हं!”

“तेही माहीत आहे,” ती म्हणाली. “बसा, सोडते घरी.”