चार मिलिमीटरची चोरी

“माझ्या घरातच चोर निघाला, मॅडम!” गोपीचंद शेठनं पंपाची ओतीव बॉडी धाडकन टेबलावर ठेवली. “ही परदेशी. किलोमागं बारा रुपयांनी स्वस्त. आमचा सगळा माल एकट्या नांदेडच्या कंपनीला जातो. तिनं ही घेतली, की माझी भट्टी बंद!”

कळमनुरी रस्त्यावरच्या त्या फाउंड्रीत प्रमोद घामानं निथळत होता. गुप्तहेर पल्लवीचा तो मदतनीस; पण मदत कसली, डोकंच चालेना.

शेठनं आपली बॉडी शेजारी ठेवली. दोन्हींच्या काठावर एकाच जागी बारीक उंचवटा. “ज्याच्यावरून साचा घेतो, त्या आमच्या लाकडी पॅटर्नमधली गाठ आहे ही. पॅटर्न विकल्याशिवाय ती तिकडं गेली कशी? पॅटर्न भीमराज सुताराच्या ताब्यात. आठ दिवस झाले, घरी बसवलाय त्याला.”

भीमराज आला तो धुमसतच. “गेल्या साली मजुरी कापली, तरी बोललो न्हाई. पॅटर्न कपाटातच हाय. लोखंड निवताना आक्रसतं, म्हणून नगापेक्षा मोठा करावा लागतो. एवढं जपून करून राहिलो, अन् मलाच चोर म्हणून राहिले!”

पल्लवीनं बोलावून घेतलेला नांदेडच्या कंपनीचा खरेदी अधिकारी हरिचंद मात्र खुर्चीत निवांत रेलला. “मी त्या परदेशवाल्यांना फक्त कागदावरचं ड्रॉइंग पाठवलं. दोन हजार नग जहाजावर चढलेत. स्वस्त मिळेल तिथं घेणार, बराबर ना?”

प्रमोदला त्याच्या कानाखाली काढावीशी वाटली.

पल्लवीनं पट्टी लावली. “आपली चारशे मिलिमीटर. परदेशी तीनशे शहाण्णव.”

“चार मिलिमीटरनं काय होतंय!” प्रमोद वैतागला.

“सगळं होतंय. ड्रॉइंगवरून केली असती, तर गाठ उठली नसती. भीमराजदादांचा पॅटर्न असता, तर माप चारशेच आलं असतं. गाठ आहे आणि माप कमी, म्हणजे आपल्या तयार बॉडीवरूनच साचा घेतला. लोखंड दुसऱ्यांदा आक्रसलं. आणि तयार बॉडी फक्त तुमच्याकडं जाते, हरिचंदराव.”

“पाठवला एक नमुना!” हरिचंद उसळला. “म्हणून त्यांचा भाव वाढला का?”

प्रमोदचं डोकं भणाणलं. चोर सापडला, आणि बारा रुपये तसेच!

“भाव राहू द्या,” भीमराज म्हणाला. “ती बॉडी चार मिलिमीटरनं बारकी, तिला तुमचं झाकण बसायचं न्हाई.”

हरिचंदचा चेहरा खर्रकन उतरला.

शेठ लगबगीनं उठला. “बारकी झाकणं आम्ही करून देऊ! भीमराज, उद्याच ये.”

“आधी यांच्यासमोर म्हणा, भीमराज चोर न्हाई. मग मजुरी पहिल्यासारखी करा.”

“तू चोर नाहीस,” शेठ चटकन म्हणाला. आणि मजुरीचं सोडून टेबलावरचं वीजबिल वाचत बसला.

भीमराजनं दारातल्या चपला पायात घातल्या.