उन्हातले तीन फोटो

"काका, मी कुणाचे फोटो पुसले न्हाईत," विशाखा फोनवर एवढंच म्हणाली. मग रडायलाच लागली.

आनंदराजांनी नांदेडच्या रेल्वे विभागीय कार्यालयात एकतीस वर्षं अपघात चौकशीचे कागद सांभाळले होते. निवृत्तीला तीन वर्षं झाली तरी सवय जात नव्हती. कुणी रडत आलं की धीर देण्याआधी ते वेळ विचारायचे. घरातले यावर चिडायचे, आणि त्यांचंही काही चुकत नव्हतं.

"किती वाजताचे फोटो?" त्यांनी पुतणीला विचारलं.

"बारा एकोणीस ते एक वाजून चार मिनिटं. तीनशे बारा फोटो."

"येतो."

विशाखा वजिराबादेत विरूपाक्षांच्या स्टुडिओत कामाला होती. एका लग्नाचे तीन-चार हजार कच्चे फोटो यायचे आणि ते निवडून, उजळून, जागच्या जागी लावायला पूर्वी चार दिवस लागायचे. तिनं त्यासाठी एक प्रोग्राम लिहिला होता. प्रत्येक कच्च्या फोटोच्या पोटात त्याची माहिती असते: कुठल्या कॅमेऱ्यानं काढला, कितवा, किती वाजता, आणि उजेडासाठी काय सेटिंग होती. प्रोग्राम ती वाचायचा, फोटो 'हॉलमधले' आणि 'उन्हातले' असे वेगळे करायचा, रंग सारखे करायचा. चार दिवसांचं काम एका दुपारी उरकायचं. स्टुडिओत सगळे तिच्यावर खूश होते, अहमदपूरचं लग्न होईपर्यंत.

अकरा मेला शिवानीचं लग्न झालं. सहाव्या दिवशी तिचे वडील भीमाशंकर हृदयविकारानं गेले. दुःखाच्या घरात फोटोंचा पेनड्राईव्ह पोचला, आणि तीन हजार फोटोंत ते कुठंच नव्हते. मुलीचा बाप लग्नभर पंगतीत वाढत असतो. स्टेजवर तो येतो फक्त जावयाचे पाय धुवायला, आणि नेमके तेच फोटो गायब होते.

विरूपाक्ष साठीचे, मऊ बोलणारे गृहस्थ; स्टुडिओत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. त्यांनी आधी चहा मागवला.

"पोरगी हुशार हाय, आनंदराजजी. पण यंत्राच्या नादी लागली. मी पोलिसात जात न्हाई. 'माझ्या प्रोग्राममुळं फोटो गेले', एवढं तिनं लिहून द्यावं. शिवानीच्या घरच्यांना काहीतरी दाखवावं लागंल की."

टेबलावर तो कागद टाईप करून तयारच होता. फक्त सही बाकी होती.

"कधीपर्यंत?"

"सोमवार."

असा कागद फोटोवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला की नांदेड-लातूरमध्ये विशाखाला कुणी दारात उभं करणार नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी होती. आनंदराजांनी आवाज कोरडाच ठेवला.

"ते फोटो तुम्ही स्वतः काढले?"

"दुसरं कोण काढणार? नवरदेव आत आला तरी वरात बाहेर नाचतच होती, माझा भाचा वीरेश तिच्यासंगं. व्हिडिओवालाबी तिकडंच. हॉलमध्ये मी एकटा. भीमाशंकररावांनी पाय धुतले तवा मी समोर उभा."

"मध्ये कुठं गेला नाहीत?"

"पाणी प्यायलासुद्धा न्हाई."

"मग प्रोग्रामनंच घालवले कशावरून?"

विरूपाक्षांनी कंप्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "नंबर बघा. ४७१० नंतर एकदम ५०२३. म्हणजे कॅमेऱ्यानं काढले, पण कंप्युटरात न्हाईत. मध्ये कोण? हिचा प्रोग्राम. आन् त्याची अक्कल बघा. अक्षतांचे पहिले तीन फोटो त्यानं 'उन्हातले' म्हणून टाकले! हॉलमधल्या अक्षता! वर काळे ठिक्कर करून ठेवले."

"माझा प्रोग्राम पुसतच न्हाई," विशाखा म्हणाली. "नुसता उचलून दुसरीकडं ठेवतो. आत आलेल्या सगळ्या फोटोंची यादी हाय. ते तीनशे बारा आलेच न्हाईत."

"यादी पण तुझाच प्रोग्राम लिहितो ना, बाळा," विरूपाक्ष हळूच म्हणाले.

मुद्दा बिनतोड होता. आनंदराजांनी चहा संपवला.

बाहेर वीरेश गाडीत लाईटचे स्टँड भरत होता. आनंदराजांनी त्याला गाठलं.

"कार्डं कंप्युटरात कोण टाकतं?"

"मीच. त्या दिवशी मामांची दोन, माझी तीन."

"मामांचं पहिलं कार्ड भरलं होतं?"

वीरेश थांबला. "न्हाई. अर्धंबी न्हवतं."

"मग बदललं कशाला?"

"मामांना इचारा की. मला काय माहीत."

"कार्ड बदललं की नंबर पुन्हा एकपासून सुरू होतात?"

"न्हाई. कॅमेरा मोजतच राहतो. कार्ड कुठलंबी घाला." एवढं बोलून त्यानं गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

दुसऱ्या दिवशी काका-पुतणी एसटीनं अहमदपूरला निघाले. खिडकीतून गरम वारा येत होता.

"वीरेशनं मामांचं एखादं तिसरं कार्ड हरवलं असंल का हो काका? मामाला भिऊन बोलत नसंल."

"असेल. मला ते तीन काळे फोटो सांग. त्यांच्या पोटात काय लिहिलंय?"

"कडक उन्हाची सेटिंग. चौथ्या फोटोपासून हॉलची. उन्हाच्या सेटिंगवर अंधाऱ्या हॉलमध्ये फोटो काढला की काळाच येतो. पण मामा तर सकाळपासून हॉलमध्येच..."

"म्हणजे प्रोग्राम चुकला?"

"त्यानं लिहिलं होतं ते वाचलं," ती चिडून म्हणाली. 

शिवानीच्या हातात हिरवा चुडा अजून तसाच होता. भिंतीवर भीमाशंकरांचा हार घातलेला फोटो होता. आधार कार्डावरचा, मोठा केलेला, त्यामुळं चेहरा फुटलेला. ओळख करून दिल्यावर ती विशाखाकडं बघत राहिली.

"तुझ्याकडूनच गेले ना माझे पप्पा?"

विशाखाचे डोळे भरून आले. आनंदराज खाली सतरंजीवर बसले.

"बेटा, पाय धुताना फोटोवाले समोर होते?"

"माझी मान खाली होती. लखलख होत होती. मोबाईलची का कॅमेऱ्याची, काय सांगू? मोबाईलमध्ये पप्पा आलेत, पण पाठमोरे."

"त्याआधी ते कुठं होते?"

"अर्धा तास तरी दिसले न्हाईत. आले ते घामानं भिजून. मी म्हटलं, कुठं गेलते? म्हणले, काही न्हाई गं, बर्फाचं बघायला गेलतो."

"बर्फ कधी आला?"

शिवानीनं वर पाहिलं. "सकाळीच आलता. नऊला. तवा माझ्या ध्यानात न्हाई आलं."

ज्या हॉलमध्ये लग्न झालं तो जवळच होता. आनंदराज त्याच्या पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी समोर पाहिलं. रस्त्यापलीकडं उघडं लॉन होतं, कमान होती, आणि कमानीच्या सावलीत नरसिंग नावाचे वॉचमन बसले होते.

"अकरा तारखेला इथं लग्न होतं का हो?"

"हाव की. तिथ लई दाट होती. आमच्याकडं लातूरचे पाव्हणे होते. मुहूर्त बी समोरच्या हॉलचाच, बारा एकतीसचा. दोन्हीकडचे बँड एकमेकांवर वाजून राहिले होते, काही ऐकू येईना."

आनंदराजांनी त्यांना आणखी एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकलं आणि लातूरच्या पाहुण्यांचा फोन नंबर लिहून घेतला. विशाखा काही विचारणार तोच ते म्हणाले, "आधी लातूर. तुझा लॅपटॉप आहे ना?"

सोमवारी सकाळी स्टुडिओत पाच माणसं होती. शिवानीला आनंदराजांनी मुद्दाम बोलावलं होतं. कागद टेबलावर होता, शेजारी पेन.

"सही होऊ द्या," विरूपाक्ष म्हणाले.

"करू. कुणाची ते ठरलं की," आनंदराज म्हणाले. "विरूपाक्षजी, तुमचं एक म्हणणं खरं आहे. कॅमेऱ्यानं ते तीनशे बारा फोटो काढले. कुणी पुसले नाहीत. ते लातूरला एका घरी सुखरूप आहेत."

वीरेशनं मामाकडं पाहिलं. विरूपाक्षांचा हात कपाशी थांबला.

"दाट तिथीला एका मुहूर्ताची दोन लग्नं धरायची आणि एकीकडं दुसरा माणूस पाठवायचा, ही तुमच्या धंद्यातली रीत. त्या दिवशी दुसरा माणूस आला नाही. समोरच तर जायचं होतं. तुम्ही अर्धं रिकामं कार्ड काढलं, तिसरं घातलं आणि रस्ता ओलांडून लॉनवर गेलात. उन्हाची सेटिंग लावली. पाऊण तासानं धावत परत आलात, कार्ड बदललंत, पण सेटिंग बदलायला विसरलात. म्हणून अक्षतांचे पहिले तीन फोटो काळे. प्रोग्रामनं त्यांना 'उन्हातले' म्हटलं, कारण कॅमेरा खरंच उन्हातून आला होता."

"हे अंदाज झाले," विरूपाक्ष म्हणाले.

"नरसिंगरावांना मी विचारलं, लॉनवरचा फोटोवाला कुठल्या गाडीतला होता? हॉलसमोर उभ्या गाडीच्या दारावरचं तुमच्या स्टुडिओचं नाव त्यांनी सांगितलं. ते तिसरं कार्ड तुम्ही इथं आणलंच नाहीत, तसंच पाहुण्यांना देऊन टाकलंत. इथं आणलं असतं तर विशाखाच्या प्रोग्रामनं लगेच ओळखलं असतं. पण कच्चे फोटो कुठंही गेले तरी त्यांच्या पोटातली माहिती त्यांच्याबरोबरच जाते. सांग, विशाखा."

विशाखानं लॅपटॉप उघडला. "कॅमेरा मामांचाच. ४७११ ते ५०२२. एकबी नंबर गळलेला न्हाई."

विरूपाक्षांनी चष्मा काढला.

"दोन्ही घरं जुन्या ओळखीची. मुहूर्तावर कुठं लग्न लागतंय का आपल्याकडं? म्हटलं, अहमदपूरकर एकच्या आत काही करत न्हाईत. अक्षता साधल्या की हो मी. पाय धुणं आधी उरकतील असं वाटलं न्हवतं." ते शिवानीकडं न बघता बोलत होते. "भीमाशंकरराव गेल्यावर कसं सांगणार? वीरेशला नंबर सुटलेले दिसले, आन् मी... पोरीचं नाव घेतलं."

"माझ्या पप्पांना कळलं होतं का?" शिवानीनं विचारलं.

आनंदराजांनी विशाखाकडं पाहिलं. हा फोटो दाखवायचा की नाही, यावर काका-पुतणी लातूरपासून वाद घालत आले होते. विशाखानं लॅपटॉप शिवानीकडं फिरवला.

नंबर ४७९०. बारा वाजून एकेचाळीस मिनिटं. पुढं लातूरचे अनोळखी नवरानवरी हसत होते. मागं कमानीखाली, भर उन्हात, भीमाशंकर उभे होते. फेटा एका बाजूला सरकलेला, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. ते थेट कॅमेऱ्याकडं बघत होते आणि त्यांनी दोन्ही हात जोडले होते.

"मी हात वर केला," विरूपाक्ष म्हणाले. "पाच मिनिटं, म्हणून. ते थोडा वेळ उभे राहिले. मग गेले."

"आन् आम्हाला म्हणले, बर्फाचं बघायला गेलतो," शिवानी म्हणाली. व्याह्यांसमोर लेकीच्या लग्नात शब्द नको, म्हणून तो माणूस हे कुणालाच न सांगता गेला होता. ती रडली नाही. तिनं पडद्यावर, त्या जोडलेल्या हातांवर बोट ठेवलं.

विशाखा हळूच म्हणाली, "नुसता चेहरा कापून मोठा करून देते, ताई. लई स्वच्छ आलाय. हात दिसणार न्हाईत."

"कापू नको. पूर्ण दे." शिवानीनं डोळ्यांना पदर लावला. "दोन काढ. एक आमच्या भिंतीवर लावते, आधार कार्डाचा काढून."

"आन् दुसरा?"

"दुसरा इथं लाव. विरूपाक्षकाकांच्या खुर्चीसमोर."

विरूपाक्षांनी मान वर केली नाही. आनंदराजांनी टेबलावरचा कागद उलटा केला, कोरी बाजू वर आणली आणि पेन त्यांच्यापुढं सरकवलं.

विशाखानं ४७९० छपाईला लावला. फोटो 'उन्हातले' या फोल्डरमध्येच होता.