पानावरचं नाव

चाळीस वर्षं मी घायपातीचा रस काढतोय. झाड जगणार की मरणार, हे मला कुणाला विचारावं लागत नाही. म्हणून फिदेलाच्या अंगणातलं घायपातीचं झाड बघताक्षणीच म्हणालो, "हे गेलं."

"डॉन सिरिलो, असं म्हणू नका हो," फिदेला म्हणाली.

चूक तिच्या भावाची, लाउरोची. फिदेलाचा एकुलता एक मुलगा नाबोर एकोणिसाव्या वर्षी खाणीत दरडीखाली गेला. नवव्या दिवशी त्याच्या नावानं गावाला जेवण. मेंढी निखाऱ्यांच्या खड्ड्यात शिजवायची तर ती गुंडाळायला घायपातीची पानं लागतातच. लाउरोनं हाताशी होतं तेच झाड ओरबाडलं. त्यात नाबोरनं खिळ्यानं स्वतःचं नाव कोरलेलं पानही गेलं. फिदेलाकडे त्याच्या हातचं तेवढंच अक्षर होतं. ते त्याच्याच जेवणात जळलं, आणि आम्ही बोटं चाटत जेवलो. मला अजून लाज वाटते.

झाडाला कीड लागली होती. कुजलेलं खरवडलं, जखमांत राख आणि चुना भरला, पाणी बंद केलं.

"तहानेनं मरेल की!"

"पाण्यानंच मरतं हे. लाड करू नकोस."

मे महिन्यात गाभ्यातून एक पान सुटलं. गाभ्यात पानं इतकी घट्ट असतात की एकाच्या काट्यांचे ठसे दुसऱ्यावर उमटतात. तसे उमटले होते. त्यांच्या मधोमध लिहिलं होतं, नाबोर.

अक्षर नाबोरचंच होतं. लाउरोनं नक्कल केली असेल म्हणून मी त्याची गचांडी धरली. तो बिचारा रडायलाच लागला. तसंही, गाभ्यात सुरीचं पातं शिरत नाही, तिथे खिळा कुठून शिरणार? शिवाय ओरखडा दोन दिवसांत वाळून तपकिरी होतो. हा आठवडाभर पाझरत होता.

फिदेलाला वाचता येत नव्हतं. ती रोज मला हाक मारायची. "वाचा ना परत." मी वाचायचो. मुलगा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

दुसऱ्या पानावरही तेच नाव होतं.

तिसरं पान ऑक्टोबरात सुटलं. त्यावर दोन ओळी होत्या. वर नाबोर.

खाली फिदेला.



"काय लिहिलंय?"

"नाबोर."

"आणि खाली?"

"तेच. पुन्हा नाबोर."

ती वाकली. खालच्या ओळीवरून तिनं एकेका अक्षरावर थांबत बोट फिरवलं.

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, डॉन सिरिलो. वाचता येत नसलं तरी सही येते मला. त्यानंच शिकवली."

मी टोपी काढली.

"एकटं कंटाळलं असेल पोर," ती म्हणाली.

तिनं ओलं बोट झग्याला पुसलं.

"उद्या माझ्या कोंबड्या घेऊन जा. माझ्यामागे उपाशी राहायला नकोत."